लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हॉबी चार्जरवर चार्ज आणि बॅलन्स करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फवारणी पंप, राउटर, दुर्बिणीची मोटर किंवा रेडिओ संच चालवण्यासाठी जुन्या लेड-ॲसिड बॅटरीच्या जागी लिथियम आयर्न फॉस्फेटचा पॅक स्वतः बांधणारे लोक आता पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. उदाहरणासाठी ३२७०० आकाराचे, प्रत्येकी ६ अँपिअर-तासांचे चार सेल एकापुढे एक जोडून केलेला १२.८ व्होल्टचा पॅक धरला आहे. वेगळे काही असेल तेथे तसे सांगितले आहे.

हॉबी चार्जर म्हणजे कोणता, आणि घरातला साधा १२ व्होल्टचा चार्जर का चालत नाही?

रिमोटवरची विमाने आणि गाड्या चालवणारे लोक जो लहान, पडदा आणि चार बटणे असलेला चार्जर वापरतात तो हॉबी चार्जर. बी-सिक्स या नावाने ओळखला जाणारा ५० वॉटचा प्रकार सर्वांत जास्त दिसतो. बॅटरीचे रसायन, सेलची संख्या आणि प्रवाह या तीनही गोष्टी त्यात आपण ठरवू शकतो, आणि प्रत्येक सेलचे व्होल्टेज तो वेगळे मोजतो. साध्या चार्जरला फक्त दोन टोके दिसतात. चार सेलची बेरीज १४.४ व्होल्ट आली की तो समाधानी होतो, मग त्यातला एक सेल ३.८ वर आणि दुसरा ३.४ वर असला तरी त्याला त्याचा पत्ता नसतो.

चार्जरवर कोणता मोड निवडायचा?

‘लाइफ’ हा, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचा, मोड निवडावा आणि सेलची संख्या चार ठेवावी. या मोडमध्ये प्रत्येक सेल ३.६ व्होल्टपर्यंत नेला जातो, म्हणजे पॅकचे एकूण १४.४ व्होल्ट होतात. सेल बनवणारे बहुधा ३.६५ ही वरची मर्यादा देतात, त्यामुळे चार्जर किंचित अलीकडेच थांबतो आणि ते चांगलेच आहे.

घोटाळा होतो तो ‘लायपो’ (लिथियम पॉलिमर) आणि ‘लाइफ’ यांच्यात. पडद्यावर ही नावे शेजारी-शेजारी येतात आणि घाईत एक बटण जास्त दाबले जाते. लायपो मोड प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंत ढकलतो. आयर्न फॉस्फेटच्या सेलमध्ये इतक्या वर इलेक्ट्रोलाइटचे विघटन होऊन वायू तयार होतो, सेल फुगू शकतो आणि त्याची क्षमता कायमची घटते. लेड-ॲसिडचा मोड १४.४ च्या जवळपास थांबत असल्याने काही जण तो वापरतात, पण त्यात सेलनिहाय देखरेख नसते. शिवाय काही लेड-ॲसिड चार्जर मधूनच १५ व्होल्टच्या वरचा ‘दुरुस्ती’चा टप्पा सुरू करतात, म्हणून त्या वाटेला जाऊ नये.

मल्टिमीटरने व्होल्टेज मोजून बॅटरी किती भरली आहे ते कळेल का?

नाही, आणि पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे या एका ‘नाही’वर उभी आहेत.

कोकणातून घाट चढून वर आल्यावर देशावर जसा मैलोगणती सपाट मुलूख लागतो, तसा या सेलचा आलेख आहे. रिकाम्या टोकाला व्होल्टेज झपाट्याने चढते, मग ३.२ ते ३.३५ च्या दरम्यान क्षमतेचा फार मोठा भाग जवळजवळ आडवा जातो, आणि अगदी शेवटच्या थोड्या टक्क्यांत ते पुन्हा ३.४ वरून ३.६ पर्यंत उभे चढते. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७मध्ये हा पदार्थ लिथियम बॅटरीसाठी मांडला (गुडइनफ यांना पुढे २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले), तेव्हापासून त्याचा हा स्वभाव माहीत आहे. चार्ज होताना कणांमधला लिथियम आयर्न फॉस्फेट हळूहळू नुसत्या आयर्न फॉस्फेटमध्ये बदलत जातो आणि दोन्ही रूपे बराच काळ शेजारी-शेजारी नांदतात. जोवर दोन्ही शिल्लक आहेत तोवर व्होल्टेजला हलण्याचे फारसे कारण नसते.

व्यवहारात याचा अर्थ असा, की विश्रांती घेतलेला सेल ३.३० दाखवत असेल तर तो निम्मा भरलेला असेल किंवा त्याहून बराच जास्तही असेल. चार सेल ३.३०, ३.३०, ३.३०, ३.३० असे एकसारखे दिसले म्हणून पॅक बॅलन्स आहे, म्हणजे चारही सेल सारखेच भरलेले आहेत, असे समजणे म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे आहे. सेलमधला खरा फरक वरच्या किंवा खालच्या टोकालाच उघडा पडतो. खाली जाऊन तो पाहण्यात सेलला इजा होण्याचा धोका असतो, म्हणून तो वर पाहायचा.

बॅलन्स करणे म्हणजे चार्जर नेमके काय करतो?

पुढे गेलेल्या सेलमधून थोडा प्रवाह एका लहानशा रेझिस्टरमधून जाळून टाकतो आणि मागच्यांना गाठण्यासाठी वेळ देतो. मागच्या सेलमध्ये तो वेगळे काही भरत नाही. जाळण्याचा हा वेग साधारण २०० ते ३०० मिलीअँपिअर इतकाच असतो, आणि हा आकडा लक्षात ठेवावा.

किती अँपिअरने चार्ज करावे?

क्षमतेच्या निम्म्या आकड्याने, म्हणजे ६ अँपिअर-तासांच्या पॅकला ३ अँपिअरने. ३ अँपिअर गुणिले १४.४ व्होल्ट म्हणजे सुमारे ४३ वॉट होतात, जे ५० वॉटच्या चार्जरला पेलतात. त्याच चार्जरवर ५ अँपिअर लावले तरी तो साडेतीनच्या आसपासच देईल, कारण वॉटची मर्यादा आधी आड येते. चार्जरला वीज पुरवणारा ॲडाप्टर १२ व्होल्ट ५ अँपिअरचा तरी असावा. राउटरचा २ अँपिअरचा ॲडाप्टर लावला की चार्जर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होत राहतो आणि दोष उगाच बॅटरीच्या माथी मारला जातो.

चार्जिंग दर वेळी बरोबर ५००० मिलीअँपिअर-तासांना थांबते. सेल बनावट आहेत का?

हा प्रश्न मी स्वतःलाच आठवडाभर विचारत होतो. सहा अँपिअर-तास छापलेले सेल, आणि पडद्यावर दर वेळी ५०००. दुकानदाराने फसवले अशी माझी खात्री झाली होती आणि सेल परत करण्यासाठी मी ते खोक्यात भरूनही ठेवले होते. शेवटी चार्जरच्या सेटिंगमध्ये पाने उलटताना ‘कपॅसिटी कट-ऑफ’ हे कलम दिसले आणि त्यापुढे ५००० असा आकडा होता. चार्जर आपले काम चोख करत होता. चुकीचा होतो तो मी.

या प्रकारच्या बऱ्याच चार्जरांत दोन सुरक्षा-मर्यादा कारखान्यातूनच लावलेल्या येतात, एक ५००० मिलीअँपिअर-तासांची आणि दुसरी १२० मिनिटांची. आपल्या पॅकला ३ अँपिअरने भरायला दोन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणजे पहिली मर्यादा वाढवली तरी दुसरी आडवी येते. क्षमतेची मर्यादा पॅकच्या क्षमतेच्या सव्वापट, म्हणजे ७५००, आणि वेळेची मर्यादा अंदाजे लागणाऱ्या वेळेच्या दीडपट ठेवावी. दोन्ही मर्यादा बंद करून टाकण्याचा मोह आवरावा. एखादा सेल आतून बिघडून प्रवाह गिळत बसला तर थांबवणारे दुसरे कोणी नसते.

तारा कोणत्या क्रमाने जोडायच्या?

आधी चार्जरला वीज द्यावी, मग मुख्य तारांचे बनाना प्लग चार्जरमध्ये खोचावेत, त्यानंतर बॅटरी जोडावी आणि सर्वांत शेवटी बॅलन्स लीड, म्हणजे प्रत्येक सेलचे व्होल्टेज चार्जरला दाखवणाऱ्या बारीक तारांचा कनेक्टर, लावावी. काढताना याच्या उलट जावे. बॅटरी आधी जोडली तर हातातल्या दोन उघड्या बनाना प्लगांमध्ये पॅकचा पूर्ण व्होल्टेज असतो. ते एकमेकांना टेकले की ठिणगीसह पितळेचा तुकडा उडतो. हा प्रकार एकदा पाहिलेल्याला क्रम पाठ करावा लागत नाही.

बॅलन्स लीड मी स्वतः जोडली आहे. ती बरोबर आहे हे कसे तपासायचे?

चार सेलच्या पॅकला पाच तारांचा पांढरा कनेक्टर लागतो. काळी तार पॅकच्या ऋण टोकाला, मग पहिल्या आणि दुसऱ्या सेलच्या सांध्याला एक, त्यापुढच्या सांध्याला एक, असे करत शेवटची तार धन टोकाला जाते. चार्जरला लावण्याआधी मल्टिमीटरची काळी सळई काळ्या तारेच्या खाचेत धरून लाल सळई एक-एक खाच पुढे सरकवावी. ३.३, ६.६, ९.९ आणि १३.२ अशा पायऱ्या दिसल्या पाहिजेत. ३.३ नंतर थेट ९.९ आणि मग ६.६ दिसले तर दोन तारा अदलाबदल झाल्या आहेत. अशी लीड चार्जरला लावली तर त्याचे बॅलन्सचे सर्किट क्षणात जळते, कारण एका सेलच्या जागी त्याला दोन सेलचा किंवा उलटा व्होल्टेज मिळतो.

शेवटी एक सेल ३.६० ला पोचतो, बाकीचे ३.३७ वरच राहतात आणि चार्जिंग तासन्‌तास संपत नाही. काय करावे?

ही सर्वांत जास्त येणारी तक्रार आहे. चार्जरमध्ये बिघाड नसतो, गणितच तसे आहे. समजा तिसरा सेल बाकीच्यांपेक्षा ०.६ अँपिअर-तासाने, म्हणजे क्षमतेच्या एक दशांशाने पुढे आहे. चार्जर तो फरक ०.२ अँपिअरने जाळणार, म्हणजे तीन तास लागणार. फरक दीड अँपिअर-तासाचा असेल तर साडेसात तास लागतील. दरम्यान मुख्य प्रवाह थेंबाथेंबावर आलेला असतो, कारण तो वाढवला तर पुढचा सेल मर्यादेबाहेर जाईल. मागचे तीन सेल ३.३७ वर अडकलेले दिसतात ते सपाटीवर असल्यामुळे. ते भरत असतात, पण त्याची खूण पडद्यावर उमटत नाही, आणि मग एकेक करून शेवटच्या काही मिनिटांत ते भराभर वर येतात.

थांबायची तयारी नसेल तर दोन उपाय आहेत.

पहिला उपाय म्हणजे मागे राहिलेले सेल एकेकटे भरणे. पॅक सगळीकडून सोडवावा, बॅलन्स लीडही काढावी, चार्जरवर लाइफ मोडमध्ये सेलची संख्या एक करावी, बॅलन्सऐवजी साधा ‘चार्ज’ निवडावा आणि मुख्य तारा क्लिपांनी थेट त्या एकाच सेलच्या दोन टोकांना लावाव्यात. २ अँपिअरने ०.६ अँपिअर-तास भरायला वीस मिनिटे आणि शेवटच्या उतरत्या प्रवाहाची थोडी वेळ जोडावी. प्रत्येक सेल स्वतःहून ३.६ वर पोचून प्रवाह ठरवलेल्या आकड्याच्या दशांशावर आला की चौघेही खऱ्या अर्थाने एका रेषेत आले. मल्टिमीटर सेलच्या टोकांवरच धरावा, क्लिपांवर नव्हे. सैल क्लिपेत सहज पन्नास-शंभर मिलीव्होल्ट हरवतात.

दुसरा उपाय म्हणजे पुढच्या सेलला खाली आणणे. ३.३ ओहमचा, १० वॉटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर त्या सेलच्या टोकांना लावला तर सुमारे १ अँपिअर प्रवाह जातो, म्हणजे अर्ध्या तासात अर्धा अँपिअर-तास कमी होतो. रेझिस्टर चटका बसण्याइतका तापतो, म्हणून तो फरशीवर ठेवावा आणि मोबाइलवर गजर लावावा. मला पहिला उपाय जास्त आवडतो, कारण त्यात विसरलो तर चार्जर स्वतः थांबतो. रेझिस्टर थांबत नाही, तो सेल रिकामा करूनच सोडतो.

नवे सेल रात्रभर समांतर जोडून ठेवले तर आपोआप समान होतात ना?

हा लायपोच्या जगातून आलेला समज आहे. सपाटीवर दोन सेलच्या व्होल्टेजमध्ये काही मिलीव्होल्टचाच फरक असतो, तेव्हा एकातून दुसऱ्यात वाहायला जोरच नसतो. एक ४० टक्के आणि दुसरा ७० टक्के भरलेला असला तरी सकाळी ते साधारण तसेच सापडतात. समांतर जोडण्याचा उपयोग तेव्हाच आहे, जेव्हा सगळे मिळून ३.६ व्होल्टपर्यंत नेले जातात. आपले चार सेल समांतर जोडले तर एकाच सेलसारखे दिसणारे २४ अँपिअर-तास होतात. एक-सेल मोडमध्ये ५ अँपिअरने ते रिकाम्यापासून भरायला पाच तास लागतील, आणि अर्थातच वर सांगितलेल्या दोन्ही मर्यादा आधी वाढवाव्या लागतील.

१०० अँपिअर-तासांचे मोठे चौकोनी सेल या चार्जरवर भरता येतील का?

येतील, पण दिवस मोजावे लागतील. चार सेल समांतर जोडले तर ४०० अँपिअर-तास होतात आणि ५ अँपिअरने ८० तास. शहाणपणाचा मार्ग म्हणजे बीएमएस (सेलवर नजर ठेवून मर्यादा ओलांडली की पॅक तोडणारे सर्किट) लावून चारही सेल एकापुढे एक जोडलेल्या स्थितीत मोठ्या चार्जरने भरावेत, बीएमएसने पहिल्यांदा थांबवले की सोडून समांतर जोडावेत, आणि उरलेला शेवटचा भाग हॉबी चार्जरने पुरा करावा.

या आकाराच्या सेलचा अंतर्गत रोध एका मिलीओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. पाना हातातून निसटून दोन टोकांवर आडवा पडला तर हजारो अँपिअर वाहतात आणि पाना जागीच चिकटू शकतो. डोक्याचा तुकडा सोडून बाकी सगळ्या पान्याला इन्सुलेशन टेप गुंडाळावी, आणि अंगठी, कडे, घड्याळ काढून कामाला बसावे.

माझी तयार बॅटरी आहे, तिला दोनच टोके आहेत आणि आत बीएमएस आहे. तिला हॉबी चार्जर चालतो का?

चालतो. लाइफ मोड, चार सेल आणि साधा ‘चार्ज’ निवडावा. ‘बॅलन्स चार्ज’ निवडला तर चार्जर बॅलन्स लीड शोधत बसतो. आतले बॅलन्स बीएमएस करतो, तोही वरच्या टोकाला आणि हॉबी चार्जरहून संथ गतीने. त्यामुळे बराच काळ अर्धवट भरून वापरलेली अशी बॅटरी अधूनमधून पूर्ण भरून काही तास चार्जरला तशीच लागू द्यावी लागते.

चार्जर ‘बॅटरी जोडलेली नाही’ म्हणत असेल तर बहुधा खोल डिस्चार्जमुळे बीएमएसने टोके तोडली आहेत आणि मल्टिमीटर शून्य दाखवेल. काही बीएमएस चार्जिंगचा व्होल्टेज मिळताच जागे होतात, पण हॉबी चार्जर बॅटरी दिसल्याशिवाय व्होल्टेज सोडत नाही. ही कोंडी लिथियम आयर्न फॉस्फेटसाठी बनवलेल्या साध्या १४.४ किंवा १४.६ व्होल्टच्या चार्जरने काही मिनिटांत फुटते.

एक सेल २ व्होल्टच्या खाली गेला आहे. तो वाचवता येईल का?

२ आणि २.५ व्होल्टच्या दरम्यानचा सेल क्षमतेच्या एक विसांश प्रवाहाने, म्हणजे आपल्या सेलसाठी ०.३ अँपिअरने, ३ व्होल्टपर्यंत आणावा आणि मग नेहमीसारखा भरावा. २ व्होल्टच्या खाली बराच काळ राहिलेल्या सेलमध्ये ऋण बाजूचे तांबे विरघळायला लागलेले असते. पुन्हा भरताना ते नको तेथे जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकते. असा सेल टाकून द्यावा. निकेल बॅटरीच्या मोडवर टाकून त्याला ‘जागे’ करण्याची युक्ती पुष्कळ लोक सांगतात, पण त्या मोडला लिथियमची वरची मर्यादा ठाऊक नसते.

पॅक काही महिने वापरायचा नाही. कसा ठेवू?

निम्मा भरलेला. चार्जरचा ‘स्टोरेज’ मोड व्होल्टेज पाहून थांबतो आणि या सेलच्या बाबतीत व्होल्टेज काय सांगते ते वर आलेच आहे, म्हणून पॅक पूर्ण भरून त्यातून मोजून ३ अँपिअर-तास काढावेत. चार्जरचा डिस्चार्ज ५ वॉटचाच असल्याने त्याला आठ तास लागतील. मोटारीच्या इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब पावणेदोन तासांत तेच काम करतो.

उन्हाळ्यात आणि थंडीत काय काळजी घ्यावी?

बहुतेक सेलच्या माहितीपत्रकात चार्जिंगसाठी ० ते ४५ अंश सेल्सिअस ही मर्यादा असते. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या शेडखाली ही वरची मर्यादा चार्जर सुरू करण्याआधीच ओलांडलेली असते, म्हणून पहाटे चार्ज करावे. खालची मर्यादा महाराष्ट्रात सहसा आड येत नाही, पण कॅनडात गॅरेजमध्ये पॅक ठेवणाऱ्याने ती काटेकोर पाळावी. गोठणबिंदूखाली चार्ज केल्यास लिथियम ग्राफाइटमध्ये शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचतो आणि ते नुकसान भरून येत नाही.

मी बॅलन्स करतो आणि महिन्याभरात तोच सेल पुन्हा मागे पडतो. असे का?

सेल दोषी ठरवण्याआधी बॅलन्स लीडला काय जोडून ठेवले आहे ते पाहावे. व्होल्टेज कमी झाले की कर्कश वाजणारा तो लहान लाल आकड्यांचा अलार्म स्वतःची वीज बहुधा खालच्या एक-दोन सेलमधूनच घेतो. तो पंधरा दिवस लावलेला राहिला तर पहिला सेल हमखास मागे पडतो. एका सेलमधला चार्ज दुसऱ्यात हलवणारे, सतत चालणारे ॲक्टिव्ह बॅलन्सरही असाच घोळ करतात. सपाटीवर रोधामुळे दिसणाऱ्या खोट्या फरकाला खरे मानून ते चांगल्या सेलमधला चार्ज भलतीकडे हलवतात. म्हणून ते ३.४ व्होल्टच्या वरच चालू होतील असे लावावेत. हे दोन्ही नसेल आणि तरीही तोच सेल मागे पडत असेल, तर तो काढून एकटा पूर्ण भरावा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा भरून किती मिलीअँपिअर-तास आत गेले ते पाहावे. इतर सेलपेक्षा आकडा ठळकपणे मोठा आला तर तो सेल बदलावा.

चार्जिंग चालू असताना वीज गेली तर?

वीज परत आली तरी बी-सिक्स प्रकारचा चार्जर आपणहून पुन्हा सुरू होत नाही; पहिल्या पानावर येऊन थांबतो. पॅक रात्रभर बंद चार्जरला जोडलेला राहिला तर मोजणीच्या सर्किटमधून तो थोडा-थोडा गळत राहतो, म्हणून वीज गेली की बॅलन्स लीड आणि मुख्य तारा काढून ठेवाव्यात. तसाही हा चार्जर लावून घराबाहेर जायचे नसते. पॅक शहाबादी फरशीवर, गादी-पडद्यांपासून दूर ठेवून चार्ज करावा आणि आपण त्याच खोलीत असावे.